जलदृश्याला चौकट

माझी मुलगी चालायला लागली त्या दिवशी घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी म्हणजे मी आणि तिच्या बापाने. ती सोफ्याचा हात सोडून निघाली ती डुगडुगत स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दाराबाहेर, तिथून व्हरांडा, व्हरांड्यातून हिरवळ, आणि हिरवळीवरून थेट तळ्याकडे. टाळ्या वाजवता वाजवताच मी धावले. तिच्या झबल्याची मागची गाठ माझ्या हातात आली तेव्हा तिचा एक पाय गवतावर होता आणि दुसरा कुठे टेकवावा याचा ती विचार करत होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. एवढं लांब आपण एकटीने आलो, याचा आनंद. तो आनंद बघून मला खरं तर रडू यायला हवं होतं. मला राग आला. तो अजून उतरलेला नाही.

आमची वसाहत पाण्याभोवती वसवलेली आहे. मध्ये तळं, भोवती गोलाकार इमारती, आणि तळमजल्याच्या प्रत्येक घराचं मागचं दार पाण्याकडे उघडतं. जाहिरातीत म्हटलं होतं, ‘गवत कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते, ते कळणारसुद्धा नाही.’ आयुष्यात इतकी खरी ठरलेली जाहिरात मी दुसरी पाहिलेली नाही. खरोखरच कळत नाही. काठ म्हणून काही नाहीच. हिरवळ उतरत उतरत जाते आणि पुढच्या पावलाला पाणी. मी फरशी पुसायच्या मॉपचा दांडा घालून पाहिला. दांडा संपला, तळ लागला नाही. नवरा म्हणाला, “मॉप तरी वर काढ.” त्याला त्या क्षणी मॉपची काळजी होती, ही गोष्ट मी मनात लिहून ठेवली आहे.

मला फक्त एक कुंपण हवं होतं. माझ्या दारापुढे, माझ्यापुरतं, कमरेएवढं. एखाद्या दुपारी सुतार येईल, ठोकठोक करेल, चहा पिईल आणि जाईल, असं मला वाटलं होतं.

मी आमच्या चिटणीसांकडे गेले. चिटणीस सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी मला गॅलरीत नेलं आणि खाली हात दाखवला. “बघा वहिनी, काय दिसतंय.”

“खोल दिसतंय,” मी म्हटलं.

“तुम्ही फार जवळून बघता, तिथे चुकतं तुमचं. लांबून बघायला शिका. मन शांत होतं.”

“भाऊ, मी तळमजल्यावर राहते. मला लांबून बघायची सोय नाही.”

त्यावर ते हसले, चांगल्या मनाने हसले, आणि म्हणाले की कुंपणाला त्यांची वैयक्तिक हरकत अजिबात नाही, पण मूळ संकल्पनेला धक्का लावायचा तर रचनाकारांची संमती लागेल. रचनाकार म्हणजे ज्यांनी ही बाग, ही हिरवळ आणि हे बिनकाठाचं पाणी रेखाटलं ते गृहस्थ. ते फार व्यग्र असतात. विचारून कळवतो, चिटणीस म्हणाले.

ते कळवेपर्यंत मुलगी चालायची थांबणार नव्हती. मी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या कुंड्या दारापुढे ओळीने मांडल्या. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. काकूंची मुलं मोठी होऊन आपापल्या घरी गेली आहेत, त्यामुळे मुलं वाढवण्याचं त्यांचं सगळं ज्ञान आता माझ्याच वाट्याला येतं.

“कुंपण कशाला गं? भीती घालायची. पाण्यात बागुलबुवा आहे म्हणून सांगायचं.”

“काकू, ती दीड वर्षाची पण नाही. तिला बागुलबुवा म्हणजे खेळायला कुणीतरी आलंय असंच वाटेल.”

“मग पायात घुंगरू बांध. आवाज आला की पळायचं.”

“आणि आवाज बंद झाला की?”

काकूंनी कुंड्यांकडे नजर वळवली. मग म्हणाल्या, “तुमच्या पिढीत फार नकारात्मक विचार करतात बाई.” जाताना त्यांनी एक कुंडी उचलून नेली. इथे तिला ऊन लागत नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या फळ्यावर सूचना लागली. ‘जलदृश्याच्या दर्शनरेषेत कुंड्या ठेवू नयेत.’ जलदृश्य हा शब्द मी पहिल्यांदा तिथे वाचला आणि तो आपल्या तळ्याला म्हटलंय हे मला दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं. दर्शनरेषा म्हणजे समोरच्या इमारतीतल्या लोकांची नजर. ती माझ्या व्हरांड्यावरून जाते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सूचनेत कुंड्या लिहिल्या होत्या. कपडे लिहिले नव्हते. घरात तान्हं मूल असलेल्या बाईकडे काय नसलं तरी धुणं असतं. मी कपडे वाळत घालायचे दोन्ही स्टँड बाहेर काढले, शेजारच्या मैत्रिणीचे आणखी मागून आणले, आणि दुपटी, झबली, लंगोट, गळ्यात बांधायची लाळेरी असं सगळं या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं. मुलगी त्यातून आरपार जाऊ शकत नव्हती, कारण प्रत्येक दुपट्याशी लपाछपी खेळायला तिला थांबावंच लागायचं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत यशस्वी बांधकाम. त्या दिवशी मी कितीतरी काळानंतर गरम चहा प्यायले.

आणि सबंध वसाहत मला पाण्यात पाहायला लागली. समोरच्या इमारतीतल्या कुणाकडे घर बघायला गिऱ्हाईक आलं होतं. त्याने गॅलरीतून डोकावून विचारलं म्हणे, खाली पाळणाघर आहे का. झालं. ज्या रचनाकारांना वेळच नव्हता ते दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाले.

रचनाकार माझ्या लंगोटांपुढे उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत. मला वाटलं, चक्कर आली.

“मॅडम,” ते म्हणाले, “पाणी हा या वसाहतीचा श्वास आहे.”

“श्वासच बंद होतो हो पाण्यात. म्हणून तर कुंपण मागतेय.”

“कुंपण म्हणजे भीती. मी भीती रेखाटू शकत नाही.” त्यांनी दोन्ही हातांनी हवेत काहीतरी गोंजारलं. “पण तुमची भावना मी समजू शकतो. आपण मऊ कुंपण करू. काठाला लव्हाळी लावू. निसर्गच थांबवेल बाळाला.”

निसर्गाने बाळाला थांबवल्याचं एक तरी उदाहरण मी आठवून पाहिलं. पण चिटणीस मागे उभे राहून डोळ्यांनी खुणावत होते की हो म्हणा, आणि नवऱ्यानेही आतून तसंच खुणावलं, म्हणून मी हो म्हटलं. माझ्या अंगातली ही एक जुनी खोड. चारचौघांत आवाज चढला की आपण फारच गावंढळ दिसू, असं मला वाटतं. तो आवाज मग मी आत नेऊन कुकरच्या झाकणावर काढते.

लव्हाळी आली. लव्हाळ्यांत बेडूक आले. तोवर मुलीला पाण्यात रस होता तो पाण्यापुरता. आता पाण्याजवळ उड्या मारणारी खेळणी आली. ती सकाळी डोळे उघडायची तीच मागच्या दाराकडे बोट दाखवत. मी दाराला टेकून पोळ्या लाटायला शिकले. लव्हाळ्यांची पानं सडून पंपात अडकली, पंप बंद पडला, पाणी हलेनासं झालं, आणि त्यावर हिरवी साय धरली. सगळं तळं हिरवळीसारखं दिसायला लागलं. आता तर गवत आणि पाणी यांत फरकच उरला नाही. रचनाकारांना कुणीतरी फोटो पाठवला. ते म्हणाले, संकल्पना पूर्णत्वाला गेली.

त्यानंतर मी नगर कार्यालयाची पायरी चढले. मुलगी कडेवर, खांद्याला तिची पिशवी. खिडकीमागच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “कुंपण कशाला घालायचंय?”

“पाण्याला.”

“कुठल्या पाण्याला?”

मी वसाहतीचं नाव सांगितलं. त्यांनी नकाशा काढून टेबलावर पसरला, त्यावर बोट फिरवलं आणि मान हलवली. “तुमच्या वसाहतीत पाणी नाहीये, बाई.”

“साहेब, मी रोज बघते.”

“तुम्ही बघत असाल. नकाशात नाही. विहीर, हौद, टाकी, तलाव, यातलं काही असेल तर कुंपण लागतंच. सक्तीचं आहे. घातलं नाही तर आम्ही स्वतः येऊन घालून जाऊ. पण तुमच्याकडे हे बघा, जलदृश्य आहे. दृश्य बघायचं असतं. त्याच्या आड काही बांधलं तर ते अतिक्रमण.”

“आणि दृश्यात मूल पडलं तर?”

“दृश्यात कसं पडेल?” त्यांनी विचारलं. थट्टा नव्हती त्यात. माझ्याविषयी खरीखुरी काळजी वाटत होती त्यांना. माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि तेवढंच एक पाणी त्या कार्यालयाला मान्य झालं असतं.

नाव बदलायचं तर वसाहतीचा ठराव हवा. चिटणीसांनी सभा बोलावली. मी उभी राहिले, जलदृश्याऐवजी तळं असं लिहावं एवढीच विनंती केली. एवढा संताप मी लोकांच्या चेहऱ्यावर पाण्याची टाकी फुटली होती तेव्हाही पाहिला नव्हता.

“तळ्याकाठी राहतो म्हटलं की लोक विचारतात, भिंतींना ओल येते का,” समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ म्हणाले.

“डास आहेत का विचारतात,” दुसरे म्हणाले.

“आहेत ना डास,” मी म्हटलं.

“ते आहेतच हो. पण जलदृश्य म्हटलं की विचारत नाहीत.”

काकू माझ्या बाजूने उठल्या. निदान मला तसं वाटलं. “पोरीचं दुखणं समजून घ्या,” त्या म्हणाल्या. “पहिलटकरीण आहे. एक-दोन वर्षांत मूल मोठं होतंच, मग हिलाच हसू येईल.” सगळे समजूतदारपणे हसले. ठराव फेटाळला. माझा असा पाणउतारा सासरी, माहेरी, शाळेत, कुठेच झाला नव्हता. घरी आल्यावर नवरा म्हणाला, “जरा शांतपणे घे.” ते कुकरचं झाकण अजून नीट बसत नाही.

पण कार्यालयातले साहेब शब्दाचे पक्के निघाले. मी निघताना पाहणीला येईन म्हणाले होते, आले. मी मुलीला कडेवर घेऊन व्हरांड्यात उभी, शेजारी साहेब, साहेबांच्या बाजूला चिटणीस. समोर ती सपाट हिरवी साय. मुलीने बोट दाखवलं आणि म्हणाली, “मंमं.”

“काय म्हणतेय?” साहेबांनी विचारलं.

“पाणी म्हणतेय.”

“लहान आहे,” चिटणीस म्हणाले, “तिला काय कळतंय.”

एवढ्यात समोरच्या इमारतीकडून एक पार्सलवाला आला. डोक्यावर खोकं, घाईत. आमची इमारत समोर दिसत होती, मधे सलग हिरवळ होती, आणि माणूस जसा जवळच्या वाटेने जातो तसा तो निघाला. मी ओरडले. साहेबही ओरडले, असं मला नंतर आठवलं. त्याला वाटलं, गवतावर चालू नका म्हणून ओरडतायत. त्याने हात हलवून माफी मागितली, पुढचं पाऊल टाकलं आणि गळ्यापर्यंत दिसेनासा झाला. खोकं मात्र डोक्यावर तसंच होतं. सायीचा एक हिरवा तुकडा कानावर घेऊन तो तिथे उभा राहिला आणि म्हणाला, “चिटणीस कोण आहेत? सही लागेल.”

त्याला ओढून काढण्यात साहेबांचे दोन्ही बूट पाण्याने भरले. मी त्या माणसाला टॉवेल दिला, चहा दिला. तो थरथरत होता आणि पुन्हापुन्हा सांगत होता की खोकं कोरडं आहे. मुलगी त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. मी तिला छातीशी इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. तो मोठा माणूस होता, चांगला उंच, म्हणून गळ्यापर्यंत.

साहेबांनी व्हरांड्यातच बसून शेरा लिहिला. मला वाचून दाखवला. ‘पाहणीवेळी एक इसम दृश्यात उतरलेला आढळला. दृश्याचे नुकसान नाही.’

मी त्यांच्यापुढे दुसरा टॉवेल ठेवला. बोलले असते तर त्यांना परत बूट भरून जावं लागलं असतं. ते मोजे पिळत बसले होते. चिटणीस सही करायला गेल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “बाई, कुंपण लिहाल तर मला फेटाळावं लागेल. कठडा लिहाल तरी तेच. जाळी, भिंत, काहीही लिहा. दृश्याला नियमात फक्त एकच गोष्ट चालते.”

“कुठली?”

“चौकट.”

मी अर्ज लिहिला. ‘जलदृश्यास साजेशी चौकट बसवून मिळणेबाबत.’ तो असा काही मंजूर झाला की विचारू नका. ज्यांनी मला पहिलटकरीण म्हणून हसण्यावारी नेलं होतं, त्यांनी त्याच तोंडाने माझ्या अभिरुचीचं कौतुक केलं. समोरच्या इमारतीतले गृहस्थ म्हणाले, चौकटीमुळे दृश्य उठून दिसेल. रचनाकार तर भारावून गेले. ही चौकट त्यांच्या मनात पहिल्यापासून होती, फक्त वसाहतीची तयारी झालेली नव्हती, असं ते म्हणाले. मी तो घोट गिळला. मला श्रेय नको होतं, गज हवे होते.

गजांवरून मात्र आमची जुंपली. त्यांना आडवे हवे होते. आडवी रेषा क्षितिजाशी बोलते म्हणे. आडवे गज म्हणजे मुलांसाठी शिडी, हे मी तीनदा सांगितलं आणि त्यांना तीनदा ऐकू आलं नाही. मग मला साहेबांची युक्ती आठवली, ज्याला जो शब्द चालतो तोच वापरायचा. मी रचनाकारांसारखे डोळे मिटले, हवेत हात फिरवला आणि म्हटलं, “पण उभी रेषा पावसाशी बोलते.”

 त्यांनी तडक कागद ओढला आणि उभे गज काढले. उंचीचं काम काकूंनी केलं. टेकून उभं राहायचं तर छातीएवढं हवं, असा त्यांनी हट्ट धरला. काकू चांगल्या उंच आहेत. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना ती कुंडीही माफ करून टाकली.

अशी ती चौकट तळ्याभोवती पूर्ण गोल उभी राहिली. आत काठाने एक अरुंद पट्टा, त्यावर एक बाक, आणि पंप साफ करायला जाता यावं म्हणून माझ्या दारासमोरच एक फाटक. फाटकाला कुलूप, आणि मी तळमजल्यावर राहते म्हणून किल्ली माझ्याकडे. मी सकाळी उठून गज हलवून पाहिले. हलले नाहीत. मुलीने दोन गजांत तोंड घातलं, पलीकडे बेडकाला हाक मारली, आणि अलीकडेच राहिली. मी तिथेच गवतावर बसले आणि ती बराच वेळ हाका मारत होती, मी ऐकत होते.

इथे थांबता आलं असतं. पण चौकटीचं उद्घाटन करायचं ठरलं.

रविवारी सगळे ठेवणीतले कपडे घालून जमले. गजांना फीत बांधली होती. चिटणीसांनी भाषण केलं. रचनाकारांचे आभार मानले, वसाहतीच्या समितीचे मानले, नगर कार्यालयाचे मानले, आणि शेवटी म्हणाले, “काही रहिवाशांच्या भावनांचाही यात आदर करण्यात आला आहे.” काही रहिवासी म्हणजे मी. मुलीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, नाहीतर मी तिथेच काहीतरी बोलले असते.

मग फोटोसाठी चिटणीसांसकट समिती फाटकातून आत गेली आणि पाण्याला पाठ करून त्या अरुंद पट्ट्यावर ओळीने उभी राहिली. रचनाकार मध्ये. बंद फाटक फोटोत चांगलं दिसत नाही म्हणून ते सताड उघडं ठेवलं होतं आणि त्याला वीट लावली होती. फोटो काढायला माझ्या नवऱ्याला बोलावलं. तो मुलीला घेणार होता, त्याच्या हातात कॅमेरा आला. मी तिला क्षणभर खाली ठेवलं, पदर सावरायला. तेवढा क्षण तिला पुरला.

ती माणसांच्या पायांतून गेली. समितीच्या पायांतून. कुणीही खाली बघत नव्हतं, सगळे कॅमेऱ्यात बघून हसत होते. मी त्यांना ढकलून आत शिरले आणि रचनाकारांच्या बुटाच्या मागे, पाण्याच्या अगदी कडेला तिचा दंड माझ्या हातात आला. या वेळी ती हसली नाही. मी फार जोरात ओढलं होतं. तिने ओठ काढले, आणि मग मोठ्याने रडायला लागली.

“वहिनी,” चिटणीस हसरं तोंड तसंच ठेवून म्हणाले, “जरा बाजूला होता का? चौकटीत येताय.”

मी बाजूला झाले. मुलीला घेऊन फाटकाबाहेर आले, वीट पायाने लोटली, फाटक ओढलं आणि कुलूप लावलं. किल्ली फिरल्याचा आवाज मला फार गोड वाटला. पट्ट्यावरचे लोक थोडा वेळ हसतच राहिले, कारण नवऱ्याने अजून फोटो काढला नव्हता. मग एकेकाच्या लक्षात यायला लागलं.

“वहिनी, काय हे?”

“फाटकाला स्प्रिंग लागेल,” मी म्हटलं. “सोडलं की आपोआप बंद होणारी. आणि कडी वरच्या बाजूला. आजच.”

“आज रविवार आहे,” कुणीतरी म्हणालं.

“बाक आहे ना आत. बसा.”

“स्प्रिंग मूळ संकल्पनेत,” रचनाकारांनी सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या टाचेखालची माती थोडी घसरली आणि त्यांनी चिटणीसांचा दंड धरला. चिटणीसांनी मागे वळून पाणी पाहिलं. इतक्या जवळून त्यांनी ते प्रथमच पाहिलं असावं. मग पुढे वळून गज पाहिले, वरपर्यंत. नवरा कॅमेरा धरून माझ्याकडे बघत होता.  त्याने खिशातून फोन काढला आणि स्प्रिंगवाला शोधायला लागला, आणि मनात लिहून ठेवलेलं ते मॉपचं मी तिथे खोडून टाकलं.

चिटणीसांनी दोन्ही हातांनी गज धरले. “वहिनी, अहो ऐका,” ते म्हणाले, “हे कुंपण फार उंच आहे हो.”

“आहे,” मी म्हटलं, आणि मुलीची जेवायची वेळ झाली होती म्हणून तिला घेऊन आत गेले.